दसऱ्याच्या अपडेटनंतरचा अंधार

तिपटूर, शुक्रवार

आमच्या सर्वमंगला अक्काच्या पायांवर धाकट्या भावाचं, म्हणजे पंचाक्षरीचं, डोकं. भावोजींच्याही पायांवर, अर्थात ते पाय सध्या जमिनीवर असतील तर. (गुडघ्याला तेल चोळून दोन उशांवर पाय ठेवून पडलेले असतात, असं तूच म्हणाली होतीस. काही उतार? मला त्या हाडवैद्याचं तेल पहिल्यापासून खटकतंय. ज्या तेलाला वास नाही त्यात औषध कुठून असणार?) तुझा रक्तदाब, भावोजींचा गुडघा आणि परसातल्या नारळांवरची ती पांढरी माशी, या तिन्हींची हकीकत सविस्तर कळव. आम्ही इकडे बरे आहोत. नीलम्मा बरी आहे, आमची लेक सिंचना बरी आहे, वर्कशॉप बरं चाललंय. बरा नव्हता तो फक्त माझा फोन, आणि त्याच्या पायी जे रामायण झालं ते तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी माझ्याकडून गेलेलं बरं.

तू म्हणशील, तिपटूरहून अरसीकेरे ते किती लांब, फोन करायचा सोडून हा पत्र कसलं लिहितो. अक्का, फोन ऐकतो. मागे एकदा मी नीलम्माशी मिक्सरबद्दल बोललो, फोन खिशात होता, आणि संध्याकाळपर्यंत त्याने मला मिक्सरच मिक्सर दाखवायला सुरुवात केली. मी नीलम्माशी बोललो होतो, खिशाशी नव्हे. तेव्हापासून घरातलं काही बोलायचं असलं की मी फोन पिठाच्या डब्यात ठेवतो. पत्राला निदान कान नसतात. (तुमच्या पोस्टमनला डोळे आहेत हे मला माहीत आहे, म्हणून कडांना गोंद जास्त लावलाय. पाकीट उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं दिसलं तर कळव, मी बघून घेईन.)

तर सुरुवात झाली महानवमीला. आपल्या वर्कशॉपची आयुधपूजा तू लहानपणापासून पाहिलीस. अप्पांची पद्धत मी तसूभर बदललेली नाही. दोन्ही लेथ धुऊनपुसून लख्ख करायचे, मग ड्रिल, ग्राइंडर, पान्यांचा पाट, माझी स्कूटर, सगळ्यांच्या कपाळावर ओल्या विभूतीचे तीन बोटांचे पट्टे, मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा, वर शेवंतीचं फूल, दारात कोहळा फोडायचा आणि आल्यागेल्याला चुरमुरे-फुटाणे वाटायचे. यंदा मी फोनही पाटावर उभा केला. ऑर्डरी हल्ली सगळ्या त्याच्यावर येतात, आणि जे पोटाला घालतं ते आयुध, असं अप्पा म्हणायचे. आता लेथचं कपाळ कुठे हे अप्पांनी दाखवून ठेवलंय, फोनचं कपाळ कुठे हे सांगायला ते राहिले नाहीत. पण ज्या टोकाला घड्याळ दिसतं ते वरचं टोक, आणि वरचं टोक म्हणजे कपाळ, एवढं कुणालाही कळेल. विभूती चांगली दाट कालवली होती. तीन पट्टे ओढले, टिळा लावला. नीलम्मा म्हणाली, "अगदी नंदीला लावल्यासारखं लावलंत." तिने आपल्या बटणांच्या फोनला पाठीवर बोट टेकवलं, सिंचनाने तिच्या फोनच्या कव्हरला मागून लावल्यासारखं केलं. (कव्हरला लावलेली विभूती फोनला पोचते का, हा प्रश्न मी विचारला होता. हसली नुसती.)

त्याच संध्याकाळी फोनवर संदेश आला की नवं अपडेट तयार आहे. खाली दोन बटणं. एकावर 'आत्ता करा' आणि दुसऱ्यावर 'आज रात्री करा'. 'नको' असं बटणच नाही. मला तुझ्या सासूबाईंची आठवण झाली. त्याही पंगतीत पोळी हवी का असं कधी विचारत नसत, आत्ता वाढू की भातानंतर, एवढंच विचारत. मी कुठलंच बटण दाबलं नाही, फोन पाटावर देवापुढे ठेवला आणि झोपलो. तरी कंपनीवाल्यांनी ते केलंच. दसऱ्याच्या सकाळी बघतो तर स्क्रीन काळवंडलेली. पार मेलेली नव्हती, आत काहीतरी पुसटसं हलत होतं, पण अंगणात उजेडात नेलं की काही म्हणता काही दिसेना. डोक्यावरून चादर घेतली की थोडं दिसायचं. (सिंचना काहीतरी सांगायला आली, म्हटलं, गप्प, चादर हलवू नकोस.) भर सणाच्या दिवशी मी चादर पांघरून बसलेला बघून दूधवाल्याने नीलम्माला विचारलं, साहेबांना थंडीताप का. मी चादरीतूनच त्याला विचारलं, तुझ्या फोनचंही असं झालंय का.

आणि खरा उपद्रव पुढेच होता. कुणाचा फोन आला आणि मी उचलला, की होता नव्हता तो उजेडही जायचा, ठार काळोख. बोलणं ऐकू यायचं, पण फोन ठेवायचा लाल गोल कुठे दिसायचाच नाही. समोरच्याने ठेवला तर सुटका. मग मी मनाने एक युक्ती काढली. लाल गोल नेहमी जिथे असतो ती जागा अंदाजाने दाबायची. दाबली की थोड्या वेळाने फोन बंद झालेला असायचा. (तो माझ्या दाबण्याने बंद व्हायचा की समोरचा कंटाळून ठेवायचा, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. पुढे सुचला.)

आता रागावू नकोस, पण माझा पहिला संशय तुझ्या चेतनवर गेला. बेंगळुरूला तो नेमकं काय करतो हे त्याने आजवर आपल्याला नीट सांगितलंय का? 'सॉफ्टवेअर' म्हणतो आणि जेवायला बसतो. ही अपडेटं कुणीतरी बसून लिहितच असणार ना, आणि ती माणसं कुणाची तरी पोरं असणारच. नीलम्माच्या फोनवरून त्याला गाठलं. मामा, बंद करून चालू करा, म्हणाला. केलं. उजेडाची पट्टी बोटाने पुढे सरकवा, म्हणाला. सरकवली, क्षणभर उजळली आणि पुन्हा मागे येऊन बसली, दुसऱ्या टोकाला कुणी ओढून धरल्यासारखी. मग म्हणे, ते आपोआप उजेड कमीजास्त होणारं बंद करून टाका. मी म्हटलं, जी सोय फोनबरोबर आली ती तू मला का बंद करायला सांगतोस? तुझा त्यात काय फायदा? तर हसला. आणि शेवटी काय विचारावं त्याने? "मामा, वरच्या बाजूला काही घाण लागलीय का बघा." अक्का, अप्पांच्या पाटावर बसलेल्या वस्तूला हा पोरगा घाण लागलीय का म्हणतो. मी सरळ सांगितलं, आमच्या घरातल्या आयुधांना घाण लागत नाही, आणि फोन ठेवला. तुझ्या संस्कारांबद्दल मला काही म्हणायचं नाही. बेंगळुरूबद्दल म्हणायचंय.

मग बसस्टँडसमोरच्या लोकेशच्या दुकानात गेलो, तिथे फोन दुरुस्त करतात. माणूस भाविक आहे, त्याच्या स्वतःच्या काउंटरला केळीचे खुंट अजून बांधलेले होते. माझा फोन हातात घेतला, विभूती बघितली, आधी डोळ्यांना लावला आणि मग कामाला लागला. ("पूजेचा दिसतोय," म्हणाला. म्हटलं, होय.) कुठलंसं पाणी फडक्यावर घेऊन त्याने काच कोपऱ्यांपासून पुसत आणली आणि विभूतीच्या खालच्या पट्ट्यापाशी हात थांबवला, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी पुजाऱ्याशिवाय बाकीचे थांबतात तसा. ते योग्यच केलं त्याने. पूजेची विभूती माणसाने पुसायची नसते, ती आपणहून झडायची. मग फोन आतून उघडून त्यात फुंकर मारली, पुन्हा बंद केला आणि म्हणाला, अपडेटने डिस्प्ले गेला, नवा टाकावा लागेल. मी विचारलं, अपडेटने माझा डिस्प्ले जातो हे तुला न उघडता कळलं नाही, उघडल्यावर कसं कळलं? आत काय लिहून ठेवलं होतं? गप्प झाला. गप्प बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याच्या हातात मी फोन ठेवत नाही. उचलला आणि घरी आलो. एवढं मात्र मनाशी पक्कं झालं की ही भानगड कंपनीची आहे. जुने फोन मुद्दाम आंधळे करायचे म्हणजे लोक नवे घेतात.

इथवर तुला वाटेल, फोन बिघडला, बिघडू दे. पण अक्का, तू आणलेलं कडूरचं स्थळ नेमकं याच आठवड्यात यायचं होतं. सिंचनाचं आता वय झालंय असं मी म्हणत नाही, पण नीलम्मा दर सोमवारी म्हणते. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, चाळीस पोरं हिच्यापुढे चळाचळा कापतात, दिसायला आपल्या आईवर गेलीय. यापूर्वीची दोन स्थळं माझ्या चौकशीत गळली, हे तू मला अजून ऐकवतेस. (पहिल्या मुलाच्या घरात तीन कुलपं होती. माणसं तीन आणि कुलपं तीन, म्हणजे एकमेकांपासून लपवतात. दुसऱ्याचं आता आठवत नाही, पण काहीतरी होतं.) म्हणून ओंकारमूर्तींचं नाव तू काढलंस तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की यावेळी तोंडाला कुलूप. माणूस जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, मुलगा निरंजन रायचूरला बँकेत, पत्रिका जुळलेली. मुलाला रजा दिवाळीशिवाय नाही, तेव्हा आधी व्हिडिओवर बघून घेऊ, असं तूच ठरवलंस. सगळं माझ्याच फोनवर ठेवायचं हे मात्र मी ठरवलं. मुलीच्या फोनवरून बाप बोलला असं दिसायला नको.

रविवारी आम्ही नटूनथटून बसलो. नीलम्माने रेशमी साडी नेसली, सिंचना बाजूला, मी फोन तांब्याला टेकवून समोर. घंटी वाजली (ओंकारमूर्ती नवराबायको रायचूरला मुलाकडेच गेले होते), मी उचलला. समोर काळोख. त्या काळोखात काहीतरी पांढरं हललं, ते दात असावेत. मी नम्रपणे म्हटलं, जरा दिवा लावता का? तिकडून ओंकारमूर्ती म्हणाले, दिवा चालूच आहे, दोन आहेत. म्हटलं, मग तिसरा लावा. ते म्हणाले, "पंचाक्षरी, आम्हाला तर तुमच्याकडे सगळं लाल दिसतंय, तुम्ही कुंकवाच्या डब्यात बसलाय का?" आता मला सांग, सोयरिकीच्या पहिल्या बोलण्यात हे असं बोलतात? मी म्हटलं, आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही. ते म्हणाले, मग दाखवा की. मी म्हटलं, आधी तुम्ही दाखवा. मध्येच एक तरुण आवाज "नमस्कार, मी निरंजन," असं म्हणाला, पण चेहरा नाही. सिंचना उठून माझ्यामागे आली, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मी हाताने तिला बसायला सांगितलं. (मोठी माणसं बोलत होती.) शेवटी तिकडूनच बंद झालं.

आता विचार करून बघ. दोन दिवे लावून जो माणूस दिसत नाही, तो न दिसण्यासाठीच बसलेला असणार. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की मुलाला टक्कल आहे. फोटोत केस होते, पण फोटोवर हल्ली कुणी विश्वास ठेवतो का?

सोमवारी ओंकारमूर्तींचा साधा फोन आला. माणूस पडतं घ्यायला बघत होता, हे मी मान्य करतो. रविवारी नेट नीट नव्हतं, काही मनाला लावून घेऊ नका, दिवाळीत भेटूच, असं बोलले. मीही गोड बोललो, इतका गोड की नीलम्मा स्वयंपाकघरातून बघायला आली. मग मी लाल गोलाची जागा दाबली आणि फोन देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. (पिठाच्या डब्यात ठेवायला हवा होता. डबा गिरणीत गेला होता.) आणि मन मोकळं करायला म्हणून नीलम्माला सगळं सांगत बसलो. मुलाला टक्कल असणार, नुसतं टक्कल नाही तर मागे थोडे केस ठेवून पुढे ओढून घेतलेलं, ते जास्त वाईट. बापाचा आवाज आयुष्यभर म्हशींशी बोलल्याचा. आई एकदाही बोलली नाही, म्हणजे तोतरी तरी किंवा भांडखोर तरी. बँकेची नोकरी म्हणतात, बँकेत पट्टेवालेही असतात. मी आणखी बरंच बोललो. नीलम्मा नुसती तांदूळ निवडत होती. तुझ्याबद्दल मात्र एक अक्षर बोललो नाही, हे पहिल्यांदाच सांगून ठेवतो. आणि मी पाणी प्यायला थांबलो तेव्हा देव्हाऱ्यातून आवाज आला, "पंचाक्षरी, तुमचं झालं असेल तर आम्ही जेवायला बसतो."

नीलम्माने हातातलं सूप ठेवून देव्हाऱ्याला हात जोडले. तिला वाटलं, वीरभद्र बोलला. मला वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण मी तो आवाज ओळखला, कारण त्याच्याबद्दलच बोलत होतो. मग फोन थंड झाला. सिंचना कॉलेजातून आली, नीलम्माने तिला सांगितलं. तिने मला काही विचारलं नाही. जेवली आणि पेपर तपासायला बसली. अक्का, ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. हे तिसरं स्थळ होतं, आणि यावेळी मी चौकशीही केली नव्हती, नुसता बोललो होतो.

परवा, म्हणजे बुधवारी सकाळी, दारात गाडी उभी राहिली आणि ओंकारमूर्ती, त्यांची बायको आणि एक उंच मुलगा उतरले. ना फोन, ना निरोप. माझ्या अंगावर वर्कशॉपचा शर्ट, हाताला ग्रीस. मी 'या' म्हणायच्या आत ओंकारमूर्तींनी मुलाला अंगणात उन्हात उभं केलं, स्वतः बाजूला झाले आणि म्हणाले, "घ्या. मागून पुढून बघून घ्या. रजा बिनपगारी काढून आणलाय." मी हाताचं ग्रीस शर्टाला पुसलं. आत बसवलं, पंखा लावला. पंखा मी पाचावर लावला, हे खरं आहे. केस हलले, पण मुळापासून हलले. माझं तात्पुरतं समाधान झालं. त्यांची बायको तोतरी अजिबात नाही, "आमचा मुलगा पट्टेवाला असता तरी चाललं असतं का?" हे तिने मला एका दमात विचारलं. मी म्हटलं, चाललं असतं. ती म्हणाली, मग तसं समजा आणि बोला. (निरंजन अधिकारी आहे. मी नंतर त्याच्या ओळखपत्राचा दोरा बघितला.)

मग मी बाजू मांडली. सांगितलं की यात माझा, त्यांचा, कुणाचाच दोष नाही, दोष अपडेटचा. पुरावा म्हणून फोन आणून दिला. ओंकारमूर्तींनी फिरवून फिरवून बघितला, विभूती बघून डोळ्यांना लावला, चष्मा काढून बघितला, चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, खरंच की, अंधार आहे. त्यांच्या बायकोने बघितला, तिनेही आधी नमस्कार केला आणि मग म्हणाली, आमच्या भाच्याचंही अपडेटनेच गेलं होतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. चांगली माणसं आहेत, असं प्रथमच वाटलं. कंपनीला आपण सगळे मिळून लिहू, असं आमचं ठरत आलं होतं, तेवढ्यात सिंचना उप्पिट्टूच्या बशा आणि पाणी घेऊन बाहेर आली. ट्रे ठेवला, ओंकारमूर्तींच्या हातातून फोन घेतला, ओढणीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि तीन पट्टे, टिळा, सगळं एका हाताने पुसून टाकलं.

नीलम्मा "शिव शिव" म्हणाली. आणि अक्का, ती स्क्रीन अशी उजळली की माझे डोळे दिपले. दुपारच्या उन्हासारखी. सिंचनाने फोन सगळ्यांना दाखवला, वर्गात दाखवते तसा. इथे वर कॅमेरा असतो, म्हणाली, त्याच्यावर कुंकू होतं म्हणून यांना लाल दिसलं. त्याच्या शेजारी उजेड ओळखणारा डोळा असतो, त्याच्यावर विभूती होती, म्हणून फोनला वाटायचं रात्र झालीय आणि तो स्वतःचा उजेड कमी करायचा. फोन कानाला लावलाय की नाही हेही तिथूनच कळतं, म्हणून बोलताना स्क्रीन काळी व्हायची आणि कितीही दाबलं तरी फोन कट व्हायचा नाही. अपडेटने फक्त घड्याळाचे आकडे मोठे केलेत. एवढं बोलून थांबली.

मी विचारलं, तुला हे कधी कळलं? म्हणाली, दसऱ्याच्या सकाळी, तुम्ही चादर घेऊन बसला होतात तेव्हा. ओंकारमूर्ती म्हणाले, "अगं पोरी, घरात इलेक्ट्रॉनिक्सची मास्तरीण असून बापाला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "दोनदा तोंड उघडलं, दोनदा गप्प बसवलं. मग म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू. अप्पांनी (म्हणजे मी) चेतनला विचारलं, लोकेशला विचारलं, दूधवाल्यालासुद्धा विचारलं. मला नाही विचारलं. फोनचं नाही आणि बाकीचंही नाही." मी उठून पंखा पाचावरून दोनावर आणला. मग ओंकारमूर्ती, ज्यांच्याबद्दल मी म्हशीचं बोललो होतो ते, खुर्ची पुढे ओढून तिला म्हणाले, "बरं, आम्ही विचारतो. आमचा निरंजन तुला पसंत आहे का?" ती त्यांच्याकडे बघून हसली, निरंजनकडे बघितलं नाही, आणि म्हणाली, "अप्पांनी विचारलं की सांगेन." रिकामा ट्रे घेतला आणि आत गेली.

पाहुणे उप्पिट्टू खाऊन गेले. जाताना ओंकारमूर्तींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रविवारपर्यंत काय ते कळवा म्हणाले. नाहीतर रायचूरच्याच एका मास्तरांची मुलगी आहे, तिकडे बोलणं पुढे जाईल, असंही म्हणाले, धमकी म्हणून नाही, असंच. तेव्हा अशी सगळी हकीकत. फोन आता ठणठणीत आहे. लोकेशच्या दुकानावरून मी दोनदा मुद्दाम तो हातात धरून गेलो. चेतनला माझे आशीर्वाद सांग. तो म्हणाला तशी ती घाण नव्हती, पण वरच्या बाजूला होती हे त्याचं बरोबर होतं. भावोजींनी ते तेल बंद करावं. पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक, नुसतं कचऱ्यात टाकू नकोस.

तुझा भाऊ,
पंचाक्षरी

ता. क. – वर लिहिलंय की तुझ्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. एक अक्षर बोललो नाही हे खरं, चारपाच वाक्यं बोललो. ओंकारमूर्तींनी तुला सांगितलं की 'अक्काला मोतीबिंदू झालाय आणि त्याच डोळ्यांनी ती स्थळं बघते' असं मी म्हणालो, तर ते त्यांनी नीट ऐकलेलं आहे. पण तेव्हा फोन आजारी होता आणि मी त्याच्या नादाने बोलत होतो. मोतीबिंदू असेल तर दाखवून घे, हे मात्र काळजीने म्हणतो.

आणखी ता. क. – ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. पत्र उद्या पोचेल, तू रविवारच्या पहिल्या पॅसेंजरने ये. येऊन सिंचनाला तेवढं विचार. ती 'अप्पांनी विचारलं की' म्हणाली हे मी लिहिलंय, पण तू माझी मोठी बहीण, तू विचारलंस म्हणजे मी विचारल्यासारखंच. बुधवारपासून मी दहा वेळा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. एकदा स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का विचारलं, एकदा तिच्या कॉलेजात प्रिन्सिपॉल कोण विचारलं. पुढचं तोंडातून निघतच नाही. नाही म्हणाली तर माझ्या बोलण्यामुळे म्हणाली असं मला जन्मभर वाटणार. हो म्हणाली तर ती जाणार. कुठल्याही बाजूने माझा फायदा नाही, आणि ज्यात कुणाचाच फायदा दिसत नाही त्या प्रश्नाची मला भीती वाटते, अक्का. तू ये.

शेवटचं ता. क., पाकीट अजून चिकटवायचंय म्हणून – आत्ता सिंचना कॉलेजला निघाली होती. मी फाटक उघडायला गेलो आणि फाटक धरून उभा असताना विचारून बसलो, तुला तो मुलगा पसंत आहे का. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. "हो," म्हणाली. एवढंच. मी 'नक्की का' असं विचारलं नाही. ती गेल्यावर वर्कशॉपमध्ये येऊन बसलोय, लेथ अजून चालू केलेला नाही. रविवारी तू ये मात्र. ओंकारमूर्तींना फोन करायचाय, आणि तो माझ्याने एकट्याने होणार नाही.